दिवा हिरवाच होता

मित्रांनो, दोरीच्या अलीकडेच उभे राहा. वाकून बघितलेत तरी चालेल, पण बसू नका. मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. पाच चाके, एक दांडा, एक गादी, एक पाठ आणि दोन हात, एवढाच माझा पसारा. मला डोके नाही, म्हणून काही आठवतही नसेल असे तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा गैरसमज आहे. माणसाचे वजन जिथे रोज पडते, तिथे त्याचे बरेच काही साठून राहते. माझ्यावर एकाच बाईंचे वजन बारा वर्षे पडत होते.

तुमच्या शिक्षिका तुम्हाला सांगतील की हे मांडणशिल्प आहे. म्हणजे चित्र नाही, पुतळाही नाही. अख्खी खोलीच वस्तूंनी मांडायची आणि बघणाऱ्याने त्यांच्यामधून चालत जायचे. इथे बारा टेबले आहेत, बारा खुर्च्या आहेत. अकरा खुर्च्यांवर पाण्याचे भरलेले कॅन बसवले आहेत आणि प्रत्येक कॅनला एकेक स्वेटर घातला आहे. बारावी मी. माझ्यावर काहीच नाही. असे का, ते सांगण्यासाठीच मी तुम्हाला थांबवले आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माणसाच्या आधी माझ्यावर वाळूचे पोते बसले. एक यंत्र ते पोते उचलायचे आणि धप्पकन माझ्या गादीवर टाकायचे, एकदा नाही, हजार वेळा. मी हूं की चूं केले नाही. तपासनीस खूश झाला, त्याने माझ्या पाठीवर एक गोल कागद चिकटवला आणि म्हणाला, "पास!" त्या वयात कौतुकाने कुणीही हुरळून जाते. वजन पेलणे हेच आपले काम आणि ते आपल्याला झकास जमते, असे मी धरून चालले. पोते आणि माणूस यांत काही फरक असतो, हे मला तिथे कुणी सांगितले नाही.

मग चाळीस बहिणींबरोबर मी एका ऑफिसात आले. चौथ्या मजल्यावरचा मोठा हॉल. खिडक्यांना पांढरा कागद चिकटवलेला, म्हणजे कॉम्प्युटरवर ऊन पडू नये. वर गार हवा चोवीस तास सुरू. यंत्रांना उकडू नये म्हणून माणसांनी कुडकुडायचे, असा तिथला न्याय होता. लोकांनी हाताने भरलेले विम्याचे फॉर्म वाचायचे आणि कॉम्प्युटरमध्ये टाइप करायचे, हे काम. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नुसता टकटक आवाज चालायचा.

मला मिळाल्या काकू. त्या हॉलमध्ये वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्याच मुली त्यांना काकू म्हणत. त्या आल्या की आधी तळहाताने माझी गादी झाडत, मग पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "चल गं बाई, लागू कामाला." माझ्या उजव्या हाताचे रेक्झिन फाटले, तेव्हा काकूंनी लेकीच्या आखूड झालेल्या शाळेच्या निळ्या स्कर्टची पट्टी कापून आणली आणि ती गुंडाळून घट्ट शिवून टाकली. "आता कशी शाळेत निघाल्यासारखी दिसतेस!" असे मला म्हणाल्या. इतक्या खुर्च्यांमध्ये मीच तेवढी नटलेली होते, आणि मला त्याचा तोरा होता.

काकू कधी स्वस्थ बसल्या नाहीत. उजवा पाय मुडपून अंगाखाली घ्यायच्या, थोड्या वेळाने सोडायच्या. एखादे अक्षर लागले नाही की डावीकडे झुकायच्या, जसे काही डावीकडून ते सुवाच्य दिसणार होते. रोज तीन वाजता लेकीचा फोन यायचा, शाळेतून घरी पोचल्याचा. तेवढी दोन मिनिटे त्या माझ्या पाठीला पाठ टेकायच्या. एरवी त्यांची पाठ आणि माझी पाठ यांची गाठ पडत नसे. माणूस असा असतो हे मला तेव्हा कळले. तो नुसते बसतो म्हणतो, पण बसल्या जागी सारखा हलत असतो.

शेजारच्या खुर्चीवर छोटी होती. वय बावीस, अंगाने किरकोळ, आणि बाद झालेल्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढायचा नाद. चित्रे तरी कसली, नुसते हात. टाइप करणारे हात, मनगट चोळणारे हात, बोटे मोडणारे हात.

"अगं, माणसाला तोंड पण असतं," काकू म्हणायच्या.

"तोंडाला इथे काय काम आहे, काकू?" छोटी म्हणायची, आणि दोघी खुदुखुदू हसायच्या.

साहेब काचेच्या खोलीत बसत. त्यांना मागून सगळ्या 'घड्याळ' म्हणत. एका सोमवारी दोन माणसे हत्यारांची पेटी घेऊन आली आणि एकेका खुर्चीची गादी उचकटू लागली. माझ्या गादीखाली त्यांनी पुठ्ठ्याएवढी पातळ पट्टी घातली आणि तिची तार टेबलावरच्या एका छोट्या दिव्याला जोडली. खुर्चीवर वजन पडले की दिवा हिरवा. वजन उठले आणि चार मिनिटांत परत आले नाही, की दिवा लाल. तोच लाल ठिपका साहेबांच्या कॉम्प्युटरवरही उमटायचा. महिनाअखेर ठिपके मोजून कुणाला ठेवायचे आणि कुणाला घरी पाठवायचे ते ठरायचे. बाथरूम होते जिन्यापलीकडे. चार मिनिटांत तिथे जाऊन येणे हे शर्यतीत पळणाऱ्याचे काम होते.

मुली काय गप्प बसतात? एकीने खुर्चीवर पर्स ठेवून पाहिली. पट्टीने तिला भीक घातली नाही. दुसरीने फॉर्मचे गठ्ठे रचले, ते बरोबर साहेब बाहेर आले तेव्हाच धाडकन कोसळले. शेवटी छोटीचे डोके चालले. पाणी प्यायच्या जागेशी भरलेले कॅन रांगेने ठेवलेले असत. त्यातला एक तिने खुर्चीवर ठेवला. दिवा हिरवा! मग कॅनला बाईचा स्वेटर घालायचा, बाह्या टेबलावर सोडायच्या, आणि शेजारणीने मधूनमधून त्या कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप करायच्या, म्हणजे कामाची नोंदही चालू. काचेच्या खोलीतून बघावे तर एक बाई मान खाली घालून कामात बुडालेली. साहेबांनी एकदा तर अशा कॅनचे कौतुक केले होते. "बघा, किती एकाग्र!" म्हणाले. तेव्हा हॉलमध्ये इतक्या जणींना एकदम खोकला आला की विचारू नका. खोटे कशाला सांगू, साहेबांना फसवताना मलाही गंमत वाटायची.

काकूंची पाठ तोवर पार कामातून गेली होती. रोज तीन वाजून दहा मिनिटांनी त्या उठायच्या, खालच्या मजल्यावर कोऱ्या कागदांची खोली होती तिथे जायच्या, आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर दहा मिनिटे उताण्या पडायच्या. तेवढ्या वेळात माझ्यावर कॅन. काकू परत आल्या की छोटी तो उतरवायची. हा रोजचा रिवाज झाला होता, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

त्या दिवशीही तीनला फोन आला. काकूंनी पाठ टेकली. "दूध पी, आणि कुणालाही दार उघडू नकोस, काय?" असे लेकीला म्हणाल्या. फोन ठेवला आणि तशाच टेकून राहिल्या. मला नवल वाटले.

"आज फार भरून आलीय गं पाठ," त्या छोटीला म्हणाल्या. "हातापर्यंत कळ जातेय."

"मग जा ना, पडा जरा. मी आहे इकडे."

"दहा मिनिटांत येते."

त्यांनी स्वेटर काढला. छोटीने कॅन ठेवला, स्वेटर घातला, बाह्या नीट केल्या. काकू गेल्या.

तीन वीस झाले. काकू आल्या नाहीत. साडेतीन झाले. मागच्या टेबलावरची म्हणाली, "काकू अजून खालीच?" छोटी दोन कॉम्प्युटरवर दोन हातांनी टाइप करत होती. ती म्हणाली, "झोपू दे गं. रात्रभर पाठीमुळे डोळा लागला नव्हता म्हणाल्या. आणखी पाच मिनिटं." मित्रांनो, हे ती प्रेमाने म्हणाली. त्या हॉलमध्ये काकूंवर तिच्याइतकी माया कुणाचीच नव्हती.

माझ्यावरचा कॅन मात्र जराही हलत नव्हता. पाय मुडपत नव्हता, डावीकडे झुकत नव्हता. रोज दहा मिनिटे मला त्याचे काही वाटत नसे. त्या दिवशी वीस मिनिटे झाली, तीस झाली, चाळीस झाली, आणि ते निश्चल वजन माझ्या दांड्यात उतरू लागले. मला ओरडावेसे वाटत होते. पण मला दोनच गोष्टी सांगता यायच्या: वजन आहे, किंवा वजन नाही. मी सांगत राहिले, आहे, आहे, आहे. साहेब एकदा काचेशी येऊन दिव्यांच्या रांगेकडे बघून गेले आणि समाधानाने परत बसले. दिवा हिरवाच होता.

चार वाजून दहा मिनिटांनी छोटी खाली गेली. मग तिची किंकाळी ऐकू आली. मग सगळ्या पळाल्या. चार मिनिटांनी सगळ्या टेबलांवरचे दिवे लाल झाले, फक्त माझा सोडून. मागच्या टेबलावरचीने परत येऊन घाईघाईने माझ्यावरचा कॅन उतरवला, स्वेटर तेवढा राहिला.

दुखत होती ती पाठ नव्हती, काळीज होते. छोटी दवाखान्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या टेबलावरचीला हलक्या आवाजात सांगितले, "डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." मागचीने तिचा दंड धरला. "तू तोंड उघडू नकोस. कॅनचं कळलं तर सगळ्यांच्या पोटावर येईल. काकू काही परत येणार नाहीत." छोटी गप्प बसली.

ऑफिसनेही फार चौकशी केली नाही. नोंद समोर होती. चार वाजून गेले तरी खुर्चीवर वजन, चार पाचपर्यंत टाइपिंग सुरू. म्हणजे काकू काम संपवून उठल्या, खाली गेल्या आणि गेल्या त्या गेल्याच, एका क्षणात. शोकसभेत साहेबांनी ती नोंद वाचून दाखवली. "शेवटच्या मिनिटापर्यंत त्या जागेवर होत्या," असे म्हणताना त्यांचे डोळेही ओले झाले. त्या नोंदीचा कागद चौकटीत बसवून काकूंच्या लेकीला दिला. ती अकरा वर्षांची होती. चौकट तिने छातीशी धरली तर गळ्यापर्यंत पोचत होती.

नंतर ती सामान न्यायला माझ्यापाशी आली. छोटीने तिच्या हातात काकूंचा स्वेटर दिला.

"छोटीमावशी, आईला दुखलं का गं खूप?"

"नाही रे राजा," छोटी म्हणाली. "काही कळलंच नाही तिला."

मी त्या दोघींच्या मध्ये होते. छोटीचा हात माझ्या पाठीवर होता. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरे काय सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटले असते. पण ते वाक्य तिथून उठले ते कायमचे त्या मुलीच्या घरी राहायला गेले.

पुढे माझ्यावर कुणी बसेना. एक नवी मुलगी बसली, पण दुपारी तीनच्या सुमारास मी सुस्स आवाज करत खाली बसू लागले, तशी ती उठून जी गेली ती परत आली नाही. "काकू येऊन बसतात," अशी कुजबूज सुरू झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, दांड्यातला वायू गळतोय, बाकी काही नाही. असेलही. मला विचाराल तर, मी त्या वेळेला वजनाची वाट बघत असते, आणि ते आले असे वाटून खाली होते. शेवटी मला नेऊन ठेवले कुठे, तर त्याच कोऱ्या कागदांच्या खोलीत, तोंड गठ्ठ्यांकडे करून. मित्रांनो, तिथे मी किती वर्षे काढली ते मोजले नाही. गठ्ठे संपायचे, नवे यायचे. कागदावर कुणी पडल्याचा खळगा कधी दिसला नाही, पण मी बघत राहायचे.

छोटीने नोकरी सोडली. कलेच्या शाळेत गेली. तिने काय केले असेल? हातच. शेकडो टायपिस्टांच्या मनगटांचे मेणाचे साचे घेऊन तिने एक अख्खी भिंत भरली. बाईच्या श्वासाच्या लयीत वरखाली होणारे टेबल केले. यंत्रासमोर बसून माणसाच्या अंगाचे काय होते, हाच तिचा विषय. पेपरांत नाव, परदेशात प्रदर्शने, व्याख्याने. हे सगळे मला नंतर कळले. ते ऑफिस बंद होऊन आम्ही भंगारात पडलो, तेव्हा अकाली पिकल्या केसांची एक बाई शेकडो खुर्च्यांच्या ढिगात चार दिवस हिंडत होती. निळी पट्टी दिसताच तिने मला ढिगातून ओढून काढले, तेव्हा मी छोटीला ओळखले. मला तिने घरी नेले, धुतले, पुसले. पण माझ्यावर ती एकदाही बसली नाही. समोर स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहायची.

त्यातून हे मांडणशिल्प झाले. उद्घाटनाला ही गर्दी! हनुवटीला हात लावलेले एक समीक्षक माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "देहाची अनुपस्थिती किती बोलकी आहे!" त्यांचे पोट आधी पुढे येत होते, मग ते. भिंतीवर छोटीने लिहिले होते: 'अनामिक कामगारांना.' मला राग आला. काकू अनामिक नव्हत्या. सगळे सांगायची सोय करून ठेवायची आणि सांगायचे मात्र नाही, ही कसली तऱ्हा? ज्या एका माणसाला सांगायला हवे होते, तिला या बाईने आमंत्रणसुद्धा पाठवले नव्हते.

आणखी एक झाले. अकरा खुर्च्यांवर कॅन, त्यांचे दिवे हिरवे. मी रिकामी, माझा दिवा लाल हवा. तो हिरवा लागला. वायरमनने तार बदलली, दिवा बदलला, डोके खाजवले. हिरवाच.  मी काही केले नव्हते, मित्रांनो. निदान मुद्दाम तरी नाही.

मग एका बुधवारी भर दुपारी, संग्रहालयात चिटपाखरू नव्हते तेव्हा, खाकी कपड्यांतली एक बाई आत आली. तिशीची, खांद्याला हत्यारांची बॅग. छोटी एका कॅनवरचा स्वेटर सारखा करत होती.

"छोटीमावशी, ओळखलंस का?"

छोटीच्या हातातून बाही सुटली.

"पेपरात फोटो आला होता," ती म्हणाली. "ही पट्टी माझ्या स्कर्टची आहे. मी नाही ओळखणार? आईची खुर्ची तू जपून ठेवलीस आणि मला कळवलंही नाहीस, मावशी?" ती हसत होती. चिडली नव्हती. तिला खरोखर आनंद झाला होता. "मी लिफ्ट दुरुस्त करते हल्ली. त्या चौकटीतला कागद अजून आहे घरी. लहानपणी मला शाबासकीच वाटायची ती आईची. पण हे कॅन कशाला?"

"म्हणजे असं," छोटी म्हणाली, "कामाच्या जागी शरीराची जी अनुपस्थिती..."

"मावशी, मला समजेल असं सांग की."

छोटी पुन्हा बाही सारखी करू लागली. लेकीची नजर माझ्या दिव्यावर गेली. रिकामी खुर्ची आणि हिरवा दिवा हे तिच्यातल्या कारागिराला बघवेना. दोरी ओलांडून ती गुडघ्यांवर बसली आणि तिने माझी गादी उचलली.

"अच्छा, पट्टी आहे होय. लिफ्टलापण असते अशी. जास्त माणसं चढली की ओरडते. पण तिला माणसं कळत नाहीत हां, वजन कळतं. परवा एका लिफ्टमध्ये माणूस एक नाही, नुसती सिमेंटची पोती, तरी..."

ती बोलायची थांबली. तिने कॅनकडे पाहिले. कॅनवरच्या स्वेटरकडे पाहिले. एकेक करून अकराही पाहिले.

"आईचा स्वेटर खुर्चीवर मिळाला होता," ती सावकाश म्हणाली. "तिला थंडी सोसायची नाही. स्वेटर काढून ती कुठे गेली होती, मावशी?"

आता छोटीला पुन्हा एकदा तेच करता आले असते. चार मऊ शब्द, पाठीवरून हात, की झाले. ही हसत घरी गेली असती आणि तो कागद तसाच भिंतीवर राहिला असता. मला इतकी भीती त्या तासातही वाटली नव्हती.

"कॅन मी ठेवला होता," छोटी म्हणाली.

मग तिने सगळे सांगितले. रडली नाही, कारणे दिली नाहीत. "टाइप मी करत होते. दहा मिनिटांनी उठवायला जायला हवं होतं. मी म्हटलं, झोपू दे." डॉक्टरांचे शब्दही सांगितले, जसेच्या तसे.

"किती वेळ?" लेकीने विचारले.

"एक तास."

"एकटी?"

"एकटीच."

लेकीने माझी उचललेली गादी परत जागेवर दाबून बसवली. मग लेक म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. अशीच, हिच्याजवळ उभं राहून. तुम्ही म्हणालात, तिला काही कळलंच नाही."

जिला ती आतापर्यंत 'तू' म्हणत होती, ती मावशी एका क्षणात 'तुम्ही' झाली होती. 

लेक माझ्यावर बसली. जवळजवळ एकोणीस वर्षांनी माझ्यावर माणूस बसला होता. तिचे वजन मला अनोळखी होते. पण थोड्या वेळाने तिने उजवा पाय मुडपून अंगाखाली घेतला, आणि माझी सगळी चाके आतून हलली. "मला एक तास बसायचंय," ती म्हणाली. "तुम्ही पण थांबा." छोटी समोर उभी राहिली. मित्रांनो, एक तास किती मोठा असतो ते कधी नुसते बसून बघा. कितीदा तरी लेकीचा चेहरा असा झाला की आता ती उठेल, हाक मारत धावेल. पण धावून जायचे ठिकाण कुठेच नव्हते. एकदा तिने दोन्ही हातांनी माझे हात इतके आवळले की निळ्या पट्टीचा टाका उसवला.

तास भरल्यावर ती उठली. बॅगेतून पक्कड काढून तिने गादीखालची पट्टी खेचून काढली. "आतून चिकटलीय," एवढेच म्हणाली. दिवा लाल झाला. मला हलके वाटेल असे वाटले होते, पण तसे काही झाले नाही. मी रिकामी आहे, एवढेच पहिल्यांदा उघड झाले.

"ते अनामिक पुसा," भिंतीकडे बोट करून लेक म्हणाली. "तिला नाव होतं. ते लिहा. आणि काय झालं ते लिहा. तुमच्या भाषेत नको, आता मला सांगितलंत तसं. खाली सही करा."

छोटीने स्वतःच्या हाताने लिहिले. ते तुमच्या उजव्या हाताला आहे, बघा: 'या खुर्चीची नोंद खोटी आहे. तीन दहा ते चार दहा या वेळात तिच्यावर पाण्याचा कॅन होता. त्या खाली कागदाच्या खोलीत एकट्या होत्या. कॅन मी ठेवला होता आणि मी त्यांना बघायला गेले नाही.' वर काकूंचे पूर्ण नाव आहे. ते माझ्याकडून ऐकू नका, तिथे जाऊन स्वतः वाचा. शेजारी जी चौकट टांगली आहे, ती लेकीने दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याच्या हाती पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. ती पुन्हा आली नाही. छोटी दर बुधवारी दुपारी दाराशी उभी असते. तिला माफी मिळाली की नाही, ते मला माहीत नाही, आणि तिने ती मागितलेलीही मी ऐकली नाही.

मित्रांनो, खुर्चीचे आत्मवृत्त म्हटले की ती शेवटी म्हणते, माझ्यावर नावे कोरू नका, मला उन्हापावसात टाकू नका. मला तसले काही मागायचे नाही. मी झिजेन, मोडेन, त्याचे काही नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, घरात, कुठेही, कुणी दहा मिनिटांत येते म्हणून गेले आणि आले नाही, तर दिव्यावर, घड्याळावर, नोंदीवर विसंबू नका. तुम्ही उठा. जिना उतरा, दार ढकला, नावाने हाक मारा. झोपलेली असेल तर दचकून उठेल, थोडी चिडेल. चिडू दे.